तू विचारलंस, तेव्हा का रडलीस

सांगली,
रविवार रात्र

प्रिय संजू,

रेवाला ‘वंडर वुमन’ सिनेमा दाखवू का, असं विचारलंस आणि त्याच दमात ‘तू तेव्हा थिएटरात का रडली होतीस?’ हेही. इतकी वर्षं हा प्रश्न पोटात ठेवलास! फोनवर मला हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

2017 चा जून. पुण्यात भर पावसात आपण पाच जण गेलो होतो. मला रडू फुटलं तेव्हा सिनेमात अजून कुणी आपलं माणूस मेलंही नव्हतं. लढवय्या बायकांच्या बेटाच्या किनाऱ्यावर पहिल्या महायुद्धातले जर्मन शिपाई उतरतात आणि वरच्या कड्यावरून अ‍ॅमेझॉन बायका दोराला लटकून, अधांतरीच बाण सोडत खाली येतात, तिथे. तू काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केलीस. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, तिकडे परदेशातही कितीतरी बायकांना त्या सिनेमातल्या लढायांच्या वेळीच रडू आलं होतं, आणि का ते त्यांनाही लगेच उमगलं नव्हतं.

माझं कारण मला नंतर सापडलं. तुला हे कधी सांगितलं नाही, मी आठवीपर्यंत खो-खो खेळायचे. सूर मारून गडी बाद करण्यात माझा हात धरणारी कुणी नव्हती. दोन्ही गुडघे कायम सोललेले. नववीत गेले आणि घरात ठरलं, आता मोठी झाली, मैदान पुरे. शाळेतूनही कुणी बोलवायला आलं नाही. त्यानंतर पळणं म्हणजे बस गाठण्यापुरतं, तेही ओढणी सावरत. आणि इथे पडद्यावर बायकांची फौजच्या फौज अंग झोकून धावत होती, आणि आपण कशा दिसतो याची एकीलाही फिकीर नव्हती. त्यांची सेनापती अँटिओपी, म्हणजे रॉबिन राइट, तेव्हा पन्नाशीला टेकलेली. बाकीच्यांत खऱ्या खेळाडू होत्या: अ‍ॅन वुल्फ बॉक्सर, ब्रुक एन्स क्रॉसफिट या कसरतीच्या स्पर्धांतली. म्हणून त्यांचं पळणं, पडणं, उठणं खोटं वाटत नाही. मी अंधारात स्वतःचे गुडघे धरून बसले होते, संजू.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर आपलं भांडण झालं ते आठवतं? टेक्सासमधल्या ऑस्टिन गावी अ‍ॅलामो ड्राफ्टहाउस या थिएटरनं फक्त बायकांसाठी खेळ ठेवला होता. त्यावर पुरुषांनी केवढा गहजब केला! एकानं तर थेट महापौरांना रागाचं पत्र धाडलं आणि स्टीव्ह अ‍ॅडलर यांनी उत्तर दिलं की, तुमचं ईमेल खातं कुणा भलत्याच माणसानं ताब्यात घेतलेलं दिसतंय, सांभाळा. तू तेव्हा म्हणालास, ‘फक्त पुरुषांसाठी खेळ ठेवला असता तर?’ मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. मुंबईत नोकरीला होते तेव्हा रोज लोकलनं जायचे. लेडीज डब्यात पाय ठेवला की खांदे आपोआप सैल पडायचे. ते सैल पडेपर्यंत आपण ते आवळून धरले होते हेच कळायचं नाही. एक खेळ तसा बघायला मिळाला तर कुणाचं काय गेलं?

‘टायटॅनिक’वाल्या जेम्स कॅमेरूननं त्याच ऑगस्टमध्ये या सिनेमाला मागं टाकलेलं पाऊल म्हटलं, नायिका शोभेची बाहुली आहे असा त्याचा सूर. दिग्दर्शिका पॅटी जेंकिन्सनं उत्तर दिलं की समर्थ बाईचा एकच एक साचा नसतो. पोशाखाची शंका पोस्टर बघून माझ्याही मनात होतीच. पण तुला ठाऊक आहे का, काही प्रसंग पुन्हा चित्रित केले तेव्हा नायिका झालेली गॅल गडोट पाच महिन्यांची गरोदर होती. पोशाखाचा पोटावरचा भाग कापून तिथे हिरवं कापड लावलं होतं, म्हणजे नंतर संगणकावर पोट पुसता यावं. तशा अंगानं लढाई करणारीला बाहुली कसं म्हणायचं?

मात्र सगळाच विरोध असा नव्हता. सिनेमा यायच्या आधी, ऑक्टोबर 2016 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमन या कॉमिक्समधल्या पात्राला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणासाठी मानद राजदूत नेमलं. त्याच महिन्यात महासचिव म्हणून अंतोनियो गुटेरेस यांची निवड झाली होती. 13 उमेदवारांत 7 स्त्रिया होत्या, आणि त्या पदावर आजवर एकही बाई बसलेली नव्हती. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी समारंभात पाठ फिरवून मूक निषेध केला, आणि दोन महिन्यांच्या आत ती नेमणूक संपली. डायना, म्हणजे वंडर वुमन, मला कितीही प्रिय असली तरी मी त्या पाठ फिरवणाऱ्यांच्याच बाजूची आहे. त्यांनी खुर्ची मागितली होती, हातात चित्र दिलं.

बेट सुटल्यावर सिनेमातही डायना पुरुषांच्या घोळक्यात एकटीच उरते. नायकाची सेक्रेटरी एट्टा कँडी, तिच्यासारखी खमकी बाई चार प्रसंगांत आटोपते. ही खंत माझी कायमची आहे.

पण ‘नो मॅन्स लँड’चा, म्हणजे दोन सैन्यांच्या खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीचा प्रसंग! सगळे सांगतात, इथून पुढे जाता येत नाही, आपलं काम वेगळं आहे. ती शिडी चढून खंदकाबाहेर येते. हा प्रसंग ठेवण्यासाठी जेंकिन्सला आपल्याच लोकांना पटवावं लागलं. समोर खलनायक नाही, मग ती लढणार कुणाशी, असा त्यांचा प्रश्न. आधी ती नुसती पुढे चालत जाते, गोळ्या ढालीवर घेते, आणि तिच्या आडोशानं मागचे बाहेर येतात. आईनं आम्हाला वाढवलं ते मला असंच दिसतं.

आणि रेवासाठी हे. जेंकिन्सनं एका बालवाडीतल्या गोष्टी लोकांपुढे ठेवल्या होत्या. सिनेमानंतर सात मुलींना वंडर वुमन व्हायचं होतं, तर भांडण न करता त्यांनी ठरवलं, आपण सगळ्याच अ‍ॅमेझॉन होऊ. आयर्न मॅनचं वेड असलेल्या एका मुलानं घरी वंडर वुमनचा डबा मागितला. एका मुलीला डायनासारख्या शेकडो भाषा शिकायच्या होत्या. हे वाचून मी पुन्हा रडले, पण यावेळी कारण शोधावं लागलं नाही.

तेव्हा दाखव. अवश्य दाखव. काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग, रेवाला गोड पापा.

तुझी,
माधवी

ता. क. डायना ज्या गावाला सोडवते, त्याच गावावर पुढे विषारी वायू सोडतात आणि सगळी माणसं जातात. ते रेवाला आधी सांगून ठेव, नाहीतर रात्री झोपायची नाही. आणि तिच्या शाळेत खो-खो आहे का, ते कळव.