नकाराचे कारण कोण सांगणार?

यंत्रमानवांमुळे रोजगार बुडतील, ही भीती मांडणारा लेख वाचला. भीती अनाठायी नाही, पण अपुरी आहे. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव आला, तो साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलायला. ते काम गेल्याचे दुःख फारसे कुणाला झाले नसावे! आता मात्र संगणकप्रणाली अर्ज चाळून नोकरी किंवा कर्ज परस्पर नाकारते. अर्जदाराच्या हाती दोन ओळींचा ईमेल पडतो; खाली ना कुणाचे नाव, ना नकाराचे कारण. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमांनुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या अशा निर्णयात माणसाने लक्ष घालावे, अशी मागणी करता येते. हा हक्क प्रत्येक देशाच्या कायद्यात यायला हवा. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता.

– एक वाचक