गंजावर रंग नको

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गाडीच्या चाकांना रंग मारून घेण्याची घाई होते. चाकाच्या लोखंडी डिस्कवर (टायर बसतो त्या तबकडीवर) गंजावरच स्प्रे मारला, तर आतला गंज वाढत राहून रंगाचे पोपडे सुटतात. आधी चिखल, ग्रीस धुवावे; वायर ब्रशने व ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढावा, मग १८० व ३२० नंबर फिरवून थिनरने पुसावे. इपॉक्सी प्रायमरचे (रंगाआधीच्या अस्तराचे) दोन पातळ हात द्यावेत. एकच जाड हात दिला की ओघळ येतात, थिनर अडकून फोड उठतात. खानापूरच्या झडीत तर रंगकाम टाळावेच. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की रंग नीट धरत नाही.

सर्वांत धोक्याचे वेगळेच आहे. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाला, टेकणारी डिस्कची बाजू आणि नटांच्या बैठका टेपने झाकल्याच पाहिजेत. तिथला रंग दाबाने चुरगळतो, नट सैल पडतात. चोर्ला घाटाच्या वळणांवर याचा अर्थ काय, हे सांगायला नको! चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासावेत. गॅरेजवाल्यांनी ही झाकाझाक वगळू नये, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर