तुझ्या पळालेल्या ड्रोनबद्दल

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
दि. 14 डिसेंबर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन आला तेव्हा मी हरभऱ्याला पाणी देत होतो. लाइन कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून धड बोलता आलं नाही. पण तुझं शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात फिरत होतं, "भूत शिरलं बे त्याच्यात, इकून टाकतो." विकू नको. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी विकू नको.

तू सांगितलंस ते मी असं समजलो. खाली ढेकळं आणि फुफाटा, म्हणून ड्रोन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवून उडवला. पाच-सात मीटरवर उभा केला तर आधी जरासा डावीकडे सरकला, मग गोल फिरायला लागला. गोल मोठा होत गेला. घाबरून तू रिमोटची स्टिक सोडली, तर आणखीच चेकाळला आणि तुरीत जाऊन पडला. हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण दोन वर्षांपूर्वी माझा ड्रोन असाच गेला. तेव्हा तुला मी "वाऱ्यानं नेला" एवढंच सांगितलं होतं. मला तरी कुठे जास्त कळलं होतं!

त्या दिवशी पहाटे तुरीत रोही, म्हणजे नीलगाई, शिरले होते. कळप कुठल्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, आला ते वरून बघावं म्हणून विहिरीच्या सिमेंटच्या ओट्यावर ड्रोन ठेवला. जागा सपाट, स्वच्छ, याहून चांगली जागा वावरात नाही असं मला वाटायचं. वर गेला आणि तुझ्यासारख्याच चकरा. मी घाबरून परतीचं बटण दाबलं. तो घराकडे यायचं सोडून नाल्याच्या दिशेनं निघाला तो दिसेनासा झाला. तीन दिवसांनी आमच्या गुराख्यानं येऊन सांगितलं, "भाऊ, तुमचं थे उडतं खटलं पळसावर अटकून हाय. म्या तं बाप्पा हातच नाही लावला." दोन पंखे तुटले होते, कॅमेऱ्याची मान वाकडी झाली होती. मी पोत्यात घालून घरी आणला तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ते पैसे कपाशीच्या चुकाऱ्यातले होते.

वारा म्हणावं तर त्या सकाळी शेजारच्या कोठ्यावरचा चुलीचा धूर सरळ वर जात होता. ही गोष्ट मला फार नंतर आठवली.

खरं कारण सापडलं ते ॲपमधल्या नोंदीत. प्रत्येक उड्डाणाची नोंद मोबाइलमध्ये राहते आणि ती नकाशावर पुन्हा चालवून बघता येते. मी बघितली. उपग्रह 14 सापडलेले होते, बॅटरी 80 टक्क्यांवर होती, रिमोटचा सिग्नल भरलेला. सगळं ठीक. मग माझी नजर ड्रोनच्या बाणावर गेली. ओट्यावर ठेवताना मी त्याचं नाक धुऱ्याला समांतर, उत्तरेकडे केलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. नकाशावरचा बाण मात्र उडायच्या आधीपासूनच पूर्वेकडे तोंड करून होता.

म्हणजे बघ, जीपीएस ड्रोनला तो कुठे आहे ते सांगतं. उभा असताना नाक कोणत्या दिशेला आहे हे जीपीएसला सांगता येत नाही, ते त्याच्या पोटातल्या होकायंत्रानं सांगायचं असतं. आणि ओट्यात सळया असतात. लोखंडाजवळ होकायंत्राची उत्तर दिशा वाकडी होते, आणि ड्रोन चालू होताना तीच दिशा खरी धरून बसतो. वर गेल्यावर झुळूक त्याला जरा पूर्वेकडे ढकलते. जीपीएस सांगतं, तू पूर्वेला सरकलास, पश्चिमेला ये. तो इमानदारीनं निघतो, पण त्याची पश्चिम म्हणजे खरी दक्षिण. लहानपणी आपण आंधळी कोशिंबीर खेळायचो, आठव. डोळे बांधून दोन गिरक्या दिलेल्या पोराला "उजवीकडे, उजवीकडे" ओरडलं की ते भलतीकडेच जायचं. पोरगं ऐकत असायचं, त्याची उजवी बाजू फिरलेली असायची. दिशेची चूक थोडी असली तर ड्रोन आपली जागा धरता धरता डोलतो, जास्त असली तर चकरा मारतो आणि प्रत्येक चक्कर आधीपेक्षा मोठी होते. चूक नव्वद अंशांच्या पलीकडे गेली तर जितकं सुधारायला जाईल तितका दूर पळतो. परतीचं बटणही त्याच दिशेवर चालतं, म्हणून माझा नाल्याकडे गेला.

तू स्टिक सोडल्यावर जास्त चेकाळला तो यामुळेच. स्टिक सोडली की ड्रोन स्वतःच्या हिशोबानं जागा धरायला बघतो, आणि हिशोबच चुकलेला.

माझ्या बोलण्यावर जाऊ नको, स्वतः करून बघ. मोबाइलमधलं होकायंत्र उघड, ट्रॉलीवर ड्रोन ठेवला होतास तिथे मोबाइल ठेव, आणि हातभर पुढे, हातभर मागे सरकव. मी विहिरीच्या ओट्यावर हे केलं तर काटा 5 अंशांवरून 60 अंशांवर गेला. तसाच मोबाइल घेऊन पिकाच्या दोन ओळींमधून सरळ चालत गेलो, काटा हलला नाही. त्या दिवशी मी वावराच्या मधोमध बराच वेळ नुसता बसून राहिलो. दोन वर्षं ज्या मशीनला शिव्या दिल्या ते सांगितलेलं सगळं करत होतं.

आता तुला कोणीही पहिल्यांदा सांगेल की कॅलिब्रेट कर, म्हणजे होकायंत्र नव्यानं जुळवून घे. थांब. ट्रॉलीशेजारी उभं राहून कॅलिब्रेशन केलंस तर ट्रॉलीचं लोखंड ड्रोनच्या डोक्यात कायमचं लिहिलं जाईल आणि मग मोकळ्या रानातही तो चुकेल. बंडीच्या चाकाची धाव, पाण्याचा लोखंडी पाइप, तारेचं कुंपण, मोटरची पेटी, सगळ्यापासून लांब जा. खिशातला मोबाइल, किल्ल्या, हातातलं कडं काढून ठेव. मग एकदाच नीट कर. रोज रोज करायची गरज नाही. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट. पश्चिम विदर्भाच्या मातीखाली जो काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकासारखं लोहखनिज असतं. काळ्या मातीच्या वावरात त्याची भीती नाही, पण बरडावर उघडा खडक दिसला की त्यावर ड्रोन टेकवू नको. वीज पडलेला खडक तर होकायंत्राला पार फिरवून टाकतो.

उडवायच्या आधी एक काम मात्र रोज कर, त्याला अर्धा मिनिटही लागत नाही. ड्रोनचं नाक धुऱ्याला समांतर ठेव आणि ॲपमधल्या नकाशावर बाण त्याच धुऱ्याला समांतर दिसतो का ते बघ. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि ध्रुवताऱ्याची उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे जागलीला गेल्यावर ध्रुव बघून एकदा धुऱ्याची दिशा ठरवून ठेवली की जन्मभर पुरते. बाण वाकडा दिसला तर उडवायचंच नाही. बंद करायचा, जागा बदलायची, पुन्हा चालू करायचा. मी आता प्लायवूडचा दोन बाय दोनचा तुकडा सोबत ठेवतो. ढेकळांवर टाकला की झालं.

तुमच्या गावात बचत गटाच्या बायांकडे फवारणीचा ड्रोन आला आहे ना, तो जवळून बघ. तसल्या बऱ्याच ड्रोनच्या पाठीवर एक छोटी काठी आणि टोकाला गोल डबी असते. जीपीएस आणि होकायंत्र त्या डबीत वर ठेवलेलं असतं, कारण मोटरच्या तारांतून वाहणारा करंटसुद्धा होकायंत्राला बिघडवतो. बनवणाऱ्यांना स्वतःच्या तारांची एवढी काळजी, आणि आपण ट्रॉलीवर ठेवतो.

तुझं दुखणं होकायंत्राचंच आहे असं मी ठामपणे म्हणतो ते त्या वाढत्या चकरांमुळे. जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरला असता तर मी पंखे बघायला सांगितले असते. चार पंख्यांत दोन जातीचे असतात, अदलाबदल झाली तर उडतानाच उलटतो. पंख्याच्या कडेवरून नखही फिरवून बघ, केसाएवढी खाच असली तरी लागते. नुसता वाऱ्यासोबत एका दिशेनं वाहत गेला असता तर उपग्रह कमी पडले असते. तुरीवर अगदी खाली उडवलास तर वेगळाच घोटाळा होतो. पोटाखालचा कॅमेरा जमीन बघून जागा धरतो, आणि शेंडे हलले की त्याला वाटतं आपणच सरकलो. शेततळ्याच्या पाण्यावरही तसंच. आणि आपोआप खाली उतरायला लागला तर बॅटरी. डिसेंबरच्या थंडीत सकाळी बॅटरी शर्टाच्या आत धरून गरम ठेव, आणि फुगलेली असेल तर पुन्हा वापरू नको, मग ती कितीही महाग असो.

पुन्हा असं झालंच तर परतीचं बटण दाबू नको. आधी वर घे, म्हणजे झाडं आणि तारा लागणार नाहीत. स्क्रीन सोड, ड्रोनकडे बघ. स्टिक मोकळी सोडू नको, सतत उलट्या दिशेनं धरून ठेव आणि हळूहळू पिकावर उतरव. दहा झाडं तुरीची गेली तरी चालतील, पण तो गावाकडे, पोराबाळांकडे जाता कामा नये. तुझा अडीचशे ग्रॅमच्या वरचा आहे, म्हणजे 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याची नोंदणी लागते. ती अजून केली नसशील तर आधी ती कर. उद्या कोणाच्या डोक्यावर पडला तर आपल्याला मान वर करून बोलता आलं पाहिजे.

येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं मी तुझ्याकडे येतो. प्लायवूड आणतो, पंख्यांची एक जोडी जास्तीची आहे तीही आणतो. आईनं तुझ्या पोरांसाठी तुरीच्या ओल्या शेंगा काढून ठेवल्या आहेत. तोपर्यंत तू दोनच गोष्टी कर. पडलेल्या ड्रोनची बॅटरी काढून घराबाहेर, चारा-कडब्यापासून लांब ठेव, कारण आपटलेली बॅटरी मागाहूनही पेट घेते. आणि ॲपमधली त्या दिवसाची नोंद उघडून ट्रॉलीवर असताना बाण कुठे तोंड करून होता ते बघून मला आजच कळव.

तुझा,
शाळेतला बाकावरचा सोबती