काळा डाग म्हणजे कोळशीच नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत पानांवरच्या काळ्या डागांविषयीचं टिपण वाचलं. सोबतच्या छायाचित्राखाली ‘कोळशी’ असं छापलं होतं आणि उपाय म्हणून मावा-तुडतुड्यांचा बंदोबस्त करायला सांगितलं होतं. पण त्या पानावर मावाही दिसत नव्हता आणि चिकटाही. दिसत होते ते सुटेसुटे, गोल, मखमली काळे ठिपके. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून मी अशा पानांच्या शेकडो काचपट्ट्या केल्या आहेत. माझ्या नजरेला ती मेलिओला नावाची वेगळीच बुरशी वाटते.

कोळशी हीसुद्धा बुरशीच, पण ती पानाचं काही खात नाही. किड्यांनी टाकलेल्या गोड चिकट्यावर ती वाढते. ओल्या कापसानं पुसली की निघते आणि खाली हिरवं पान तसंच असतं. मेलिओला मात्र खरी परजीवी आहे. तिचे गडद तपकिरी तंतू पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात, पण त्यांना जागोजागी दोन पेशींच्या छोट्या गाठी असतात, खाली देठ आणि वर डोकं. त्यांना हायफोपोडिया म्हणतात. त्यांतून बारीक धागा पानाच्या वरच्या पेशीत शिरतो आणि अन्न शोषतो. इथे किडे मारून काय साधणार? जिवंत पानाशिवाय ती जगत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अन्नद्रव्यावरही ती वाढवता येत नाही.

आम्ही वसाहतीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचो. तो वाळला की चिमट्यानं हलकेच उचलायचा. तंतू, गाठी, केस, सगळं जसंच्या तसं त्या पापुद्र्याला चिकटून यायचं. मग डीपीएक्समध्ये, म्हणजे काचपट्टी कायमची करायच्या पारदर्शक चिकट द्रवात, बसवून वर काच. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा दिसतात ते काळे, ताठ केस. वसाहतीच्या मध्याकडे गोल काळ्या कुप्या असतात आणि त्यांत तपकिरी बीजाणू, बहुधा चार आडव्या पडद्यांनी पाच पेशींत विभागलेले. इतकी रेखीव बुरशी मी दुसरी पाहिली नाही.

कवकशास्त्रज्ञ फ्राइस यांनी १८२५ मध्ये ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. धानीकवकांतल्या, म्हणजे पिशवीत बीजाणू धरणाऱ्या बुरशींतल्या, सॉर्डारिओमायसीट्स वर्गात मेलिओलेल्स गण, त्यात मेलिओलेसी कुल, आणि कुलाला नाव या प्रजातीचंच. याच कुलातली भावंडं वेगळी करताना केस कुठे आहेत ते आधी बघायचं. तंतूंवर केस असले तर मेलिओला, कुप्यांवर असले तर इरेनॉप्सिस. कुप्यांना अळीसारखे उपांग असले तर अपेंडिक्युलेला, आणि कुठेच काही नसलं तर अ‍ॅस्टेरिडिएला. एकदा अगदी कोवळ्या वसाहतीवर केस दिसले नाहीत, म्हणून मी पट्टीवर अ‍ॅस्टेरिडिएला लिहून मोकळा झालो. त्याच पानावरच्या जुन्या ठिपक्यात केस भरपूर होते. तेव्हापासून एकाच ठिपक्यावरून कधी नाव ठरवलं नाही.

प्रजातीतली नेमकी जात ओळखण्याचं काम याहून किचकट. कवकशास्त्रज्ञ बेली यांनी १९२० मध्ये त्यासाठी आकड्यांचं एक सूत्र काढलं आणि पुढे ते वाढवलं गेलं. बीजाणूंचे पडदे, केसांची ठेवण, गाठींची मांडणी, मापं, सगळं एका दशांश चिन्हाच्या दोन्ही बाजूंना चार-चार आकड्यांत बसतं. पण सूत्राआधी झाड ओळखावं लागतं, कारण बहुतेक जाती एका ठरावीक झाडावर किंवा त्याच्या जवळच्या झाडांवरच वाढतात. कवकशास्त्रज्ञ हॅन्सफर्ड यांच्या या बुरशींवरच्या १९६१ च्या मोठ्या ग्रंथातही मांडणी यजमान वनस्पतींच्या कुलांनुसारच आहे. झाडाचं नाव चुकलं की बुरशीचंही चुकतं. आमच्याकडे लोक एखादंच काळं पान आणून देत, ना फूल, ना फळ, ना फांदी. असे नमुने परत पाठवताना फार वाईट वाटायचं.

म्हणून दोन विनंत्या. त्या छायाचित्राखालची ओळ पुढच्या रविवारी दुरुस्त करावी. आणि वाचकांना नमुने पाठवायला सांगाल तेव्हा डागाळलेल्या पानांसोबत त्याच झाडाची फुलं-फळं असलेली डहाळी कागदात दाबून वाळवून ठेवायला जरूर सांगावं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक