चौथऱ्यावरचं इंजिन रविवारी आमच्या ताब्यात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत अल्बुकर्की शहरात सांता फे रेल्वेचं 2926 नंबरचं वाफेचं इंजिन तिथल्या व्हॉलंटियर लोकांनी परत चालू केलं, त्याचा व्हिडिओ नातवाने मोबाइलवर दाखवला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून हे पत्र. हे इंजिन 1944 सालचं, बाल्डविन कारखान्यातलं. 1956 ला रेल्वेने ते शहराला देऊन टाकलं आणि मग ते एका बागेत वर्षानुवर्षं नुसतं उभं होतं, जसं आपल्याकडे उभं असतं. 1999 मध्ये हौशी लोकांच्या संस्थेने ते शहराकडून घेतलं, बागेतून हलवलं, एकेक पार्ट सुटा केला, आणि 2021 मध्ये ते स्वतःच्या वाफेवर हललं. मधली वीसहून जास्त वर्षं लोक सुट्टीच्या दिवशी येऊन काम करत होते, त्यात निवृत्त मंडळी भरपूर.

आता आपल्या वडोदऱ्याचं बघा. नॅरोगेजचा, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचा, इतिहास भारतात सुरूच आपल्यापासून होतो. 1862 मध्ये खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम लाइन टाकली, रुंदी अडीच फूट, आणि डबे ओढायला बैल. इंजिन मागवलं होतं, ग्लासगोच्या नीलसन कंपनीचं, पण रूळ इतके हलके की रोज त्याचं वजन पेलणं शक्य नव्हतं, मग जास्त वजनाचे रूळ टाकून 1873 मध्ये लाइन पुन्हा सुरू झाली तेव्हा कुठे वाफेच्या गाड्या नियमित धावायला लागल्या. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात डभोईहून चारी बाजूंना फाटे फुटले, प्रतापनगरला वर्कशॉप आलं (जुने लोक त्या स्टेशनाला अजून गोयागेटच म्हणतात). आज केवडियाला ब्रॉडगेजच्या गाड्या जातात, चांगलंच आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही, पण ज्या इंजिनांनी शंभर वर्षं या मुलखाचा कापूस, धान्य आणि माणसं ओढली त्यांचं आपण काय केलं हा प्रश्न मला पडतोच.

माझी नोकरी लोको शेडमध्ये फिटर म्हणून सुरू झाली तेव्हा नॅरोगेजवर वाफ होती. त्यामुळे चौथऱ्यावर ठेवलेलं इंजिन दिसलं की मी फोटो काढत नाही, खाली वाकून बघतो. मध्ये असंच एक इंजिन बघितलं, कुठलं आणि कोणाच्या ताब्यातलं ते इथे लिहीत नाही कारण मला भांडण करायचं नाही. बाहेरून एकदम चकाचक, काळा ऑइल पेंट, लाल पट्टा, चिमणीला चंदेरी रंग. पण चिमणीवर झाकण नाही! म्हणजे दर पावसाळ्यात पाणी सरळ स्मोकबॉक्समध्ये, म्हणजे चिमणीखालच्या धुराच्या पेटीत जातं आणि तिथे शेवटच्या दिवसाची राख कोणी काढलेलीच नाही. कोळशाच्या राखेत गंधक असतं, ती ओली झाली की तिचं ॲसिड होतं आणि ते पत्रा आतून खातं. मी खालच्या बाजूला नुसतं नख लावलं तर पापुद्रा हातात आला. ऑइलिंगची भोकं रंगाने बुजलेली, रॉडच्या ब्रासवर (पितळी बेअरिंगवर) पण रंग, बॉयलर धुवायची भोकं बंद करणाऱ्या वॉशआउट प्लगवर इतके थर की चौकोनी डोकं गोल झालंय. दरवर्षी कोणीतरी प्रामाणिकपणे रंगवतं, त्या रंगाऱ्याची चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. पण लोखंड आत सडतंय आणि वर रंग चढतोय. मी वाकून बघत होतो तेव्हा एक पोरगा विचारत होता, काका, आ चालू थशे? (हे चालू होईल का?) मी त्याला म्हटलं थशे, होईल, आणि ते मी उगीच म्हटलेलं नाही.

कारण हे होऊ शकतं. फेअरी क्वीन 1855 चं इंजिन आहे, 1909 ला सेवेतून निघालं, आणि आपल्याच रेल्वेने 1997 मध्ये ते पुन्हा धावतं केलं. रेवाडीच्या शेडमध्ये आजही वाफेची इंजिनं जिवंत ठेवलीत. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने तर उटीच्या लाइनसाठी नवीकोरी वाफेची इंजिनं बांधली. म्हणजे देशात हुन्नर आहे, परवानगी कशी द्यायची हे पण रेल्वेला माहीत आहे. आपल्याकडे नाही ती एकच गोष्ट, सामान्य माणसाला त्या इंजिनाला हात लावायची सोय. ब्रिटनमध्ये वेल्सला टॅलिलिन म्हणून एक छोटी नॅरोगेज लाइन आहे, रुंदी सव्वादोन फूट, आपल्यापेक्षाही अरुंद, ती बंद पडायला आली तेव्हा 1951 पासून व्हॉलंटियरनी चालवायला घेतली आणि अजून चालवतात. सुरुवातीला भरवशाचं असं इंजिन एकच होतं, 1866 चं.

लोक म्हणतील बॉयलर फुटला तर? बरोबर प्रश्न आहे आणि मी सगळ्यात आधी तोच विचारीन. म्हणून तर पहिल्या काही वर्षांत विस्तव पेटवायचाच नाही. आधी शेड, डोक्यावर पत्रे हवेत, उघड्यावर काम होत नाही. मग जुन्या बॉयलरच्या लॅगिंगमध्ये, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या आवरणात, ॲस्बेस्टॉस असतं ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसांकडून काढून घ्यायचं, व्हॉलंटियरनी त्याला हात लावायचा नाही, फुप्फुसाचा खेळ आहे तो. त्यानंतर आमचं काम सुरू. स्मोकबॉक्स साफ, ट्यूब काढणं, गंज खरवडणं, ॲक्सल बॉक्स उघडणं. फायरबॉक्सचे (भट्टीचे) आतले बाहेरचे पत्रे धरून ठेवायला शेकडो स्टे, म्हणजे आडवे बोल्ट असतात, एकेकावर छोटी हातोडी मारत जायची, चांगला स्टे खणखणीत वाजतो आणि तुटलेला बद्द वाजतो. हे कानाला शिकवावं लागतं, पुस्तकात वाचून येत नाही, मला ज्या मिस्त्रींनी शिकवलं ते डोळे मिटून सांगायचे कितव्या ओळीतला कितवा गेलाय. शेवटी हायड्रॉलिक टेस्ट, बॉयलर पूर्ण पाण्याने भरून नेहमीच्या प्रेशरपेक्षा जास्त दाब द्यायचा. पाणी दाबलं जात नाही त्यामुळे काही फाटलं तर नुसतं पाणी गळतं, स्फोट होत नाही. हे सगळं अधिकृत बॉयलर इन्स्पेक्टरसमोर, त्यांनी सही केली तरच पुढे. आणि बॉयलर पास नाही झाला तरी कॉम्प्रेस्ड हवेवर पिस्टन हलवता येतात, चाकं फिरवता येतात, परदेशात कितीतरी म्युझियम असंच करतात. नॅरोगेजचे रूळ उरलेत कुठे असंही लोक म्हणतील, पण इंजिन हललेलं दाखवायला बागेतले दोनतीनशे मीटर पुष्कळ झाले.

माणसं कुठून येतील याची मला अजिबात काळजी नाही. ज्या शहरात महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढून पोरांना हाताने काम करायला शिकवलं, त्याच शहरात आज एम. एस. युनिव्हर्सिटीचं इंजिनीअरिंग आहे, आयटीआय आहेत, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एकाहून एक टर्नर आहेत जे ड्रॉइंग दिलं की बुश बनवून देतात. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, प्रतापनगर, इथल्या कितीतरी घरात कोणी ना कोणी रेल्वेत होतं. काळजी आहे ती वयाची. आपल्या भागात वाफेवर काम केलेली बहुतेक माणसं आता साठी ओलांडून गेलीत. बॉयलरमेकर तर फार थोडे राहिलेत, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतून बेअरिंग खरवडून बसवणारे त्याहून कमी. मागच्या वर्षी आमच्या शेडचे एक फायरमन गेले, ते बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरच्या नुसत्या आवाजावरून सांगायचे की पाणी बॉयलरमध्ये जातंय की बाहेर सांडतंय. ते कोणी लिहून घेतलं नाही, रेकॉर्ड केलं नाही, कोणी विचारलंच नाही, आणि आता विचारायचं म्हटलं तरी कोणाला विचारणार.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. इंजिन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याच ताब्यात राहू दे, मालकी कोणाला नको. फक्त एक इंजिन निवडा, त्यावर छप्पर घाला, आणि दर रविवारी सकाळी ते रजिस्टर केलेल्या व्हॉलंटियरसाठी उघडा, सेफ्टी शूज आणि विम्याची अट घाला, देखरेखीला एक जबाबदार अधिकारी द्या. छप्पर होईपर्यंत निदान चिमणीवर पत्र्याचं झाकण टाका आणि आतली राख काढा, एका दुपारचं काम आहे, पावसाळ्याआधी झालं तर स्मोकबॉक्सचा तळ वाचेल.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक विनंती. वडोदरा, डभोई, मियागाम भागात ज्यांनी वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर, फायरमन, फिटर, बॉयलरमेकर किंवा खलाशी (शेडमधला मदतनीस) म्हणून काम केलंय त्यांनी आपलं नाव आणि काय काम करायचो ते तुमच्या पेपरकडे कळवावं, असं एक छोटं आवाहन छापाल का? मराठी असो गुजराती असो, सगळ्यांनी. नावं आली की ती यादी घेऊन आम्ही काही जण स्वतः संबंधित ऑफिसात जाऊ.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर
प्रतापनगर, वडोदरा