पटणे, बिनसणे आणि इंग्रजी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळाले. फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’सारखा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या इंग्रजी शब्दप्रयोगांची, लांबलचक यादी पाठ करूनही ऐन वेळी एकही तोंडी येत नाही, आणि घरच्या माणसांविषयी किंवा मित्रांविषयी बोलण्याची वेळ आली की तू गप्पच होतोस, ही तुझी तक्रार वाचून लगेच लिहायला बसलो, कारण याच ठिकाणी मी स्वतः बरीच वर्षे अडखळलो आहे.

परदेशातील एका सहकारी बाईंनी मला एकदा ईमेलमध्ये लिहिले होते, ‘आय हॅव फॉलन आउट विथ माय सिस्टर.’ ‘फॉल’ म्हणजे पडणे एवढेच मला ठाऊक होते. दोघी बहिणी कुठेतरी पडल्या असाव्यात असे समजून मी काळजीने विचारले की, फार लागले तर नाही ना? त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: लागले आहे, आणि बरेच लागले आहे. बहिणीशी त्यांचे बिनसले होते, हे मला दुसऱ्या दिवशी शब्दकोश उघडल्यावर कळले. एक माणूस मनातले सांगत होता आणि ते माझ्यापर्यंत पोहोचलेच नाही, याची रुखरुख अजूनही आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, ती यादी बाजूला ठेव आणि प्रत्येक क्रियापदाला आपल्या बोलण्यातला तयार शब्दप्रयोग शोध. ‘खपवून घेणे’ म्हणताना त्यातले ‘खपणे’ कुठले आणि ‘घेणे’ कुठले, असा विचार आपण करत नाही. ‘पुट अप विथ’ हे तसेच अखंड उचलायचे असते. ‘मुलगी आईच्या वळणावर गेली आहे’ या वाक्यातले वळण म्हणजे ‘टेक आफ्टर’. मात्र हे साम्य घरातल्या वडीलधाऱ्यांशी असते, मित्राशी नव्हे, आणि सांभाळ करणे या अर्थाच्या ‘लुक आफ्टर’शी त्याची गल्लत होऊ देऊ नकोस. ब्रिटिश बोलण्यात एखादा माणूस आपल्या मनातून उतरला, हे सांगायला ‘गो ऑफ’ वापरतात. ‘लुक अप टु’ आणि ‘लुक डाउन ऑन’ यांची तर दिशाच अर्थ सांगते: आदराची नजर वर जाते, कमी लेखणारी खाली.

खरी अडचण मला वाटते ती वाक्याच्या घडणीत आहे. आपण ‘आमचे पटते’, ‘आमचे बिनसले’ असे म्हणतो; त्या वाक्यांत कोणी माणूस कर्ता नसतो, जणू ते आपोआप घडले. इंग्रजीत मात्र ‘वी गेट ऑन’, ‘वी फेल आउट’ असे माणसांनाच कर्तेपण घ्यावे लागते (अमेरिकेत ‘गेट ऑन’ऐवजी ‘गेट अलाँग’ अधिक ऐकू येते), आणि दुसऱ्या माणसाचा उल्लेख करायचा तर ‘विथ’ जोडावे लागते. ‘ही मेड अप विथ हिज ब्रदर’ म्हणजे त्याने भावाशी समेट केला. पण ‘ही मेड अप अ स्टोरी’ म्हणजे त्याने गोष्ट रचून सांगितली. एका छोट्या शब्दावर एवढा फरक पडतो.

सर्वनामाची जागाही कानाने पक्की कर. ‘ही लेट मी डाउन’ (त्याने माझी निराशा केली) यात सर्वनाम मध्ये येते, तर ‘गेट ओव्हर हिम’ (त्याच्या दुराव्यातून सावरणे) यात ते शेवटीच राहते. आणि ‘ब्रेक अप’ म्हणताना जोर ‘अप’वर द्यायचा, ‘ब्रेकअप’ हे नाम असेल तेव्हा तो ‘ब्रेक’वर येतो. मित्राशी भांडण झाले तर हे क्रियापद वापरू नकोस, कारण ऐकणाऱ्याला प्रेमसंबंध तुटला असेच वाटेल. तेथे ‘फॉल आउट’च योग्य; आणि भांडण न होताच माणसे हळूहळू दुरावली, तर ‘ड्रिफ्ट अपार्ट’.

मला उपयोग झाला तो एका वहीचा. तिच्यात प्रत्येक पानावर ओळखीचे एकच माणूस आहे, आणि त्याच्याविषयी खरी असतील तेवढीच वाक्ये मी लिहितो. खोट्या उदाहरणातले क्रियापद माझ्या लक्षात राहत नाही. मामांच्या पानावरचे ‘ही स्टुड बाय मी’ मात्र कधीच विसरलो नाही, कारण ते खरोखरच माझ्या पाठीशी उभे राहिले होते.

तुझेही पान आहे. आपल्या त्या अबोल्याविषयी त्यात लिहिले आहे, ‘वी फेल आउट ओव्हर अ स्मॉल थिंग, अँड वी डिड नॉट मेक अप फॉर अ यिअर.’ त्याखालची ओळ मी मोकळी सोडली आहे. वर्षानंतर पहिला फोन तू केला होतास, तेव्हा ते वाक्य तूच इंग्रजीत लिहून पाठव.

तुझाच,
मित्र