आप्पा, तुमचं आक्सा ब्लेड माझ्याकडेच आहे

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

एम.टेक.च्या प्रबंधात आभाराचं एक पान असतं. त्यात गाईड आले, विभागप्रमुख आले, आईवडील आले, लॅब असिस्टंटही आले. तुमचं नाव तेवढं राहिलं. विसरलो नव्हतो. तुमच्या मोटर-पंप दुरुस्तीच्या दुकानात येऊन शिकलो हे लिहायची तेव्हा लाज वाटली. म्हणून आता चारचौघांसमोर लिहितो.

विषय होता सबमर्सिबल पंपाच्या इंपेलरमधून, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकातून, पाणी कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर बघण्याचा. पाण्याच्या वाटेचे लाखो बारीक तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यात वेग आणि दाब काढत जायचा. पंप चोपड्याकडच्या आमच्या काकांच्या केळीतलाच, दुरुस्तीला वर काढलेला. त्याची एक स्टेज, म्हणजे एक इंपेलर आणि त्याच्या भोवतीचा बाऊल, कॉलेजच्या चाचणीच्या बेंचवर चालवली: इंपेलर 100 मिलिमीटरचा, मिनिटाला 2880 फेरे, सेकंदाला साडेतीन लिटर पाणी. हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, मिळालं साडेनऊ मीटर. कॉम्प्युटर म्हणत होता 12.

स्टेजमागे अडीच मीटर. दहा स्टेजच्या पंपाला पंचवीस मीटरची खोट!

मग मी सगळा दोष टर्ब्युलन्सच्या, म्हणजे पाण्याच्या खळबळीच्या, गणिती मॉडेलवर टाकला. के-एप्सिलॉन नावाचं मॉडेल सोडून फ्लोरियन मेंटर यांचं 1994 सालचं एसएसटी मॉडेल घेतलं. तुकड्यांची जाळी पाच लाखांवरून वीस लाखांवर नेली. मे महिन्यात, अमळनेरच्या घरात, लॅपटॉपखाली दोन विटा आणि समोर टेबल फॅन. रात्र रात्र गणित चाललं. उत्तर हललं ते दशांशचिन्हाच्या पलीकडे.

वैतागून तुमच्याकडे आलो तो खरं म्हणजे काकांच्या पंपाचं बिल विचारायला. तुम्ही लॅपटॉपवरचं रंगीत चित्र बराच वेळ बघितलंत, लाल कुठे, निळं कुठे. मग बाऊलमध्ये इंपेलर ठेवलात, एका बाजूला दाबलात आणि त्याच्या गळ्याशी, जिथे गळती रोखणारी रिंग बसते तिथे, लोखंड कापायचं आक्सा ब्लेड घातलंत. ते आरपार गेलं. म्हणालात, "नवा पंपमा कागद जास आठे. पानी वर जास अन् आठूनच परत खाले येस. तुना काँप्युटरमा हाई फट शे का?" म्हणजे नव्या पंपात इथून जेमतेम कागद जातो; पाणी वर जातं आणि इथूनच परत खाली येतं; तुझ्या कॉम्प्युटरमध्ये ही फट आहे का?

नव्हती. माझ्या ड्रॉइंगमध्ये इंपेलर आणि बाऊल असे चिकटलेले होते की पाण्याला मागे फिरायला जागाच नव्हती. तापीकाठच्या गाळातलं बोअर वाळू ओढतं, वाळू रिंग खाते, हे मला लहानपणापासून माहीत. पण सॉफ्टवेअर उघडलं की मी केळीच्या मळ्यातला राहत नव्हतो, एवढंच.

घरी येऊन ड्रॉइंगमध्ये ती फट दाखवली. तिच्या रुंदीत दहा-बारा तुकडे बसवताना जीव मेटाकुटीला आला. पण सेकंदाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी इंपेलरच्या बाहेरच्या टोकाकडून गळ्यातून परत आत येताना दिसलं. म्हणजे इंपेलर तेच पाणी पुन्हा पुन्हा ढकलत होता, वीज खर्चून. हेड उतरलं साडेदहाच्या आसपास. उरलेला एक मीटर बहुधा आतल्या खरबरीत ओतकामाचा. माझ्या हिशोबात भिंती काचेसारख्या गुळगुळीत होत्या. तेही तुम्ही बोट फिरवून दाखवलं होतंत, मी लक्ष दिलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न गळतीचा विचारला. मी फटीचं चित्र पुढे केलं. ते म्हणाले, "हे बहुतेक जण सोडून देतात." मी मान हलवली आणि तुमचं नाव तिथेही घेतलं नाही.

काकांच्या पंपाला तुम्ही नव्या रिंगा घातल्यात. आता पाटाच्या शेवटच्या चारीवरच्या केळीलाही पाणी पोचतं, असं काकू सांगते. मापाला म्हणून नेलेलं तुमचं ब्लेड माझ्या पेनांच्या डब्यात आहे. दिवाळीला अमळनेरला आलो की आणून देतो. आणि त्या बिलातले रिंगांचे पैसे तुम्ही लावलेच नव्हते, तेही या वेळी घ्यावे लागतील.

तुमचा,
चोपड्याच्या केळीवाल्यांचा पुतण्या